माझ्या नावाची मैफल

३ मार्च
ब्रुकलिनमध्ये नऊ वर्षं दुसऱ्यांच्या मागे उभा राहून माणसाएवढा बास वाजवला. बस्स. आता माझ्या नावाची मैफल. ती रंगली की आईचं 'इस्राएलला परत ये, परत ये' बंद होईल. क्लबमालक डफीने मागताक्षणी शुक्रवार दिला, पंधरा एप्रिल. शुक्रवारसाठी लोक वर्षभर खेटे घालतात. नाव झालंय माझं, दुसरं काय!

७ मार्च
ड्रमवाला योताम आणि पियानोवाली नोगा तयार. तारीख नीट ऐकलीसुद्धा नाही. केवढा विश्वास!

२१ मार्च
रेहोवोतहून आईचा फोन. पोस्टर पाहून कौतुक दूरच. म्हणाली, अरे शहाण्या, त्या रात्री पेसाखच्या सणाची घरोघरी पंगत, आपल्या ज्यूंतलं कोण जेवणाचं टेबल सोडून तुझं ऐकायला येणार? म्हटलं, माझं संगीत काय फक्त आपल्या लोकांसाठी आहे? तर म्हणे, आजवर दुसरं कोण आलंय?
तारीख बदलणार नाही. कलेला सणवार नसतात.

२ एप्रिल
नोगा गळाली. न्यू जर्सीची आत्या रुसेल म्हणे. रुसू दे. पियानो नसला की बास छान ऐकू येतो.

९ एप्रिल
योतामही गेला. यंदाची पेसाखची पंगत त्याच्याकडेच. म्हणाला, मठ्ठा, तूच ये, माझ्या बायकोने, हागितने, तुझंही ताट धरलंय. साफ नाही सांगितलं. एकटा वाजवीन! तर म्हणे, दीड तास नुसतं धूम धूम कोण ऐकेल? जळतो मेला.

१५ एप्रिल, दुपार
शर्टाला इस्त्री केली. मन शांत. शर्टाला पुन्हा एकदा इस्त्री केली.

१६ एप्रिल
ऐकायला दोन जपानी पाहुणे. पहिल्या गाण्यानंतर त्यांनी अदबीने विचारलं, बँड कधी येणार? मध्यंतरात ते गेले. डफी म्हणाला, दिवे बंद करू ना? रडू आलं. खूप आलं.
बास पाठीवर घेऊन योतामचे तीन जिने चढलो. बेल दाबणार तोच दार उघडलं. वाटलं, माझीच वाट पाहत होते! पण जेवणं उरकली होती. पेसाखच्या रात्री प्रेषित एलियाहूला आत घ्यायला दार उघडतात आणि त्याच्या मानासाठी सगळे उभे राहतात, ती वेळ. योतामची धाकटी किंचाळली, आई, हा तो नाही, हा आपला नेहमीचाच! सगळे पोट धरून हसले. हागित म्हणाली, ये बाबा, सूप गरम करते. बास न्हाणीघरात ठेवावा लागला.
तरी लिहून ठेवतो. मी दारात आलो तेव्हा झाडून सगळे उभे होते.