नानाचा डावा हात

रोहा, रविवार, संध्याकाळ

आज मी पेणच्या नानाला तोतया ठरवलं. मनगट मोडल्यापासून तो आमच्या हॅम रेडिओवरच्या रविवारच्या मोर्स-बैठकीला आलाच नव्हता. आज त्याच्या संकेतनावाने कुणीतरी ठेचकाळत टिंब-रेघा वाजवू लागलं. नानाचा हात मला आवाजासारखा ओळखू येतो. हा त्याचा नव्हेच. लघु कुठला, गुरू कुठला, सगळा छंदोभंग. मी सर्वांदेखत वाजवून विचारलं, "परवाना कुणाचा आणि वाजवतंय कोण?"

लगेच नानाचा फोन. "पंडित, माझ्याच घरातून मला हाकलतोस व्हय? उजवा प्लास्टरात हाय. डाव्याने शिकतोय. पण नाय जमत रे, सोडतो आता."

सोडतो म्हणाला, तेव्हा मात्र घाबरलो. नानाशिवाय रविवार म्हणजे... छे. म्हटलं, "थांब नाना. आम्ही वेग कमी करतो."

मग सगळेच हळू झालो. स्पर्धांमध्ये कुणाला श्वास घेऊ न देणारा डोलवीचा पाटीलसुद्धा. तो डावा हात पेणचं हवामान सांगत होता आणि माझा चहा निवत होता. एवढं शांत मी कधी बसलो होतो?

निरोप घेताना त्याच डाव्या हाताने विचारलं, "तुम्हां सर्वांना झेपत असेल, तर पुढच्या रविवारी वेग वाढवू का?"