वधूचे पूर्ण नाव

वडगाव मावळ
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय रुखसार आपा,

अस्सलामु अलैकुम. तू, दाजी आणि पोरं मजेत असाल. मिरजेत थंडी सुरू झाली का? इकडं अम्मीचे गुडघे सोडले तर सगळं ठीक. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मधेच बोलतेस, आणि या वेळी मला कुणी मधे अडवलं तर उरलेलं मी गिळून टाकीन.

आपल्या नवाजच्या निकाहाला तू दोन दिवस आलीस, म्हणून नवी भावजय हदील तुला नुसती छान वाटली. गेले सात महिने तिला बघतेय मी. लोणावळ्यात आपल्या घराला आता ‘अरबीण बाईंचं घर’ म्हणतात. अब्बांनी पस्तीस वर्षं तिथल्या बाजारात अत्तर विकलं, पण घराला त्यांचं नाव कुणी दिलं नाही.

आल्यागेल्यासमोर अम्मी तिला कुराण वाचायला लावते. लहानपणी माझा उच्चार चुकला की पट्टी बसायची, आठवतं? आता म्हणते, ‘अमिना, बघ, असं वाचायचं असतं.’ मी चाळीस वर्षांची, दोन पोरांची आई, बघत बसते. कॉफीच्या टरफलांचं सुंठ घालून उकळलेलं पाणी ती करते. माझ्या चहात सुंठ जरा जास्त झाली की तोंड वाकडं करणारी अम्मी ते दोन-दोन कप पिते.

आणि लग्नाचा लच्छा. मानेवर पुरळ आलं म्हणून मी आठ दिवस ते काळे मणी काढून ठेवले, तर अम्मीनं बोलणं टाकलं होतं. नवऱ्याच्या जिवावर उठलीस का, म्हणाली. हदीलनं निकाहाच्या दिवशीच सांगितलं, ‘आमच्यात नसतं.’ अम्मी म्हणाली, ‘खरंय, त्यांच्यात नसतंच.’ तिचा लच्छा कपाटात पडलाय. माझा गळ्यात आहे.

मराठी शिकायला ती आठवड्यातून तीनदा लोकलनं वडगावला माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येते. एकदा कुरवंड्याच्या भागुबाई पेन्शनचा फॉर्म भरायला आल्या होत्या. म्हणाल्या, ‘ताई, तुमची भावजय म्हणं मक्केची हाय. लय नशिबाची मानसं तुमी.’ हदील म्हणाली, ‘मावशी, मक्का नाही. एडन. समुद्र, मासे.’ भागुबाई पोट धरून हसल्या. मला हसू आलं नाही. आपा, आपण किती पिढ्या या मावळात आहोत, तरी दर चार महिन्यांनी कुणीतरी मला म्हणतं, ‘तुमचं मराठी किती छान आहे हो.’ ती कुठली, असं विचारलं तर तिच्याकडं उत्तर असतं. मला खुलासा द्यावा लागतो.

त्याच दुकानात तिनं एकदा बोटांवर मोजून सात नावं सांगितली. बाप, बापाचा बाप, त्याचा बाप. मग मला म्हणाली, ‘आता तुम्ही, आपा.’ मी महंमद म्हटलं, दाऊद म्हटलं आणि थांबले. पुढचं नाव मला येत नाही. खरं तर अब्बांचं नावसुद्धा माझ्याकडं कुठं आहे? निकाहानंतर सगळ्या कागदांवर मी अमिना यासीन तांबोळी झाले. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायचं असतं हे मलाही ठाऊक नव्हतं.

आता जे लिहायचं ते लिहिते. नवाजच्या लग्नाच्या नोंदणीचा फॉर्म मीच भरला. घरातच फॉर्म भरणारी असताना दुसऱ्याकडं कोण जाणार? हदीलनं मला चिठ्ठी लिहून दिली होती, मी शिकवलेल्या अक्षरांत: ‘हदील सालेह नासिर’. सालेह तिचे वडील. तीन वर्षांपूर्वी एडनला वारले, ती तेव्हा पुण्यात फार्मसीची परीक्षा देत होती, जाता आलं नाही. चिठ्ठी देताना म्हणाली, ‘आपा, नाव बदलू नका. बाबाचं माझ्याकडं एवढंच आहे.’

मी ‘वधूचे पूर्ण नाव’ या रकान्यात ‘हदील नवाज आतार’ टाकलं.

दाखला आला, नवाजनं बघितला. त्याला काहीच खटकलं नाही, आपल्याकडं तेच नाव बरोबर असतं. फाइलमध्ये घालून ठेवून दिला. मागच्या महिन्यात दोघं व्हिसा वाढवायला पुण्याला गेले तेव्हा तिथल्या साहेबांनी कागद परत केले. पासपोर्टवरची बाई वेगळी आणि दाखल्यावरची वेगळी. व्हिसा या महिन्याच्या तीस तारखेला संपतो. त्याच्या आत दाखला दुरुस्त झाला नाही तर तिला देश सोडावा लागेल. नवाज जेवत नाही. अम्मी रोज मला विचारते, ‘अमिना, काही होईल ना गं?’

घरात कुणी मला दोष दिला नाही. रोजची सवय, हात तसाच चालला असेल, म्हणतात. हदील तर साहेबांना म्हणाली, ‘आपाची चूक नाही. इथं तशी पद्धत आहे.’ नवाजनं हे मला कौतुकानं सांगितलं. मी मान डोलावली आणि आत जाऊन भांडी घासत बसले.

हाताची सवय नव्हती, आपा. चिठ्ठी समोर होती. मी ती दोनदा वाचली. मला वाटलं, सगळं हिनंच का राखायचं? एक गोष्ट तरी हिनं आमच्यासारखी सोडावी. तिला परत पाठवायचं माझ्या मनात नव्हतं, कसम खाऊन सांगते. पण ते नाव टाइप करताना मला बरं वाटलं होतं.

ती चिठ्ठी अजून माझ्या खणात आहे. उद्या सोमवार. ती घेऊन मी वडगावच्या कचेरीत प्रतिज्ञापत्र करणार आहे, की वधूनं नाव बरोबर दिलं होतं, मी जाणूनबुजून बदललं. वकील म्हणतात, एवढ्यानं दुरुस्ती लवकर होईल. हेही म्हणाले, की माझा सरकारी फॉर्म भरण्याचा परवाना बहुतेक जाईल. जाऊ दे, झेरॉक्स तरी राहील. त्याआधी सकाळी लोणावळ्याला जाऊन हदीलला तोंडानं सांगणार आहे. ती काय करेल मला माहीत नाही. अम्मीला मात्र तू सांग, माझ्याच्यानं होणार नाही.

माझं जळणं गेलंय असं समजू नकोस. आज दुपारी लोणावळ्याला गेले होते, तेव्हासुद्धा अम्मी तिच्या केसांना तेल लावत होती आणि माझं जेवण गोड लागलं नाही.

एक काम कर. मिरजेच्या चाचांना दाऊद आजोबांच्या वडिलांचं नाव विचार, ते गेले की सांगणारं कुणी उरणार नाही. आणि उत्तर पाठवशील तेव्हा पाकिटावर माझं नाव खाली लिहिलंय तसंच लिही. पोस्टमन ओळखतो, पत्र पोचेल. जागा सोडलीय, तेवढी भर.

तुझी,
अमिना महंमद दाऊद ____________