फुटलेला ‘नका’

मु. तिवसा, १४ डिसेंबर १९६१

तीर्थरूप डोमाजीमामांस,
धर्मपालचा सविनय जयभीम.

पत्राला उशीर झाला, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकतो. कार्ड दिवाळीलाच घेतलं होतं, पण त्यावर माकडाच्या मिशांचा सराव केला आणि मग पत्त्याला जागा उरली नाही. (मधे अचलपूरला बैलबाजार पाहून आलो. बैल घ्यायचा नव्हता, पण पाहायला काय जातं?) केशरमामींचा गुडघा अकोल्याच्या थंडीत कसा आहे? इकडे माझी तब्येत ठीक, नोकरीची मात्र नाजूक आहे.

तुमच्या शब्दावर मला तुमच्याच कचेरीत ही नशाबंदीच्या प्रचाराची, काचेवरची चित्रं भिंतीवर पाडणारी चित्रपेटी फिरवायची नोकरी मिळाली. आजवरच्या नऊ नोकऱ्यांत सोडावीशी न वाटलेली ही एकच, म्हणून खरं तेच लिहितो. पोरांना नशेवर उपदेश नको, कार्टून दाखवा, असं साहेब म्हणाले. मी काचांवर एक माकड रंगवलं. ते अफूची गोळी खातं, फांदीवर पेंगतं आणि धपकन विहिरीत पडतं. शेवटी ‘अफू खाऊ नका’. मागच्या रांगेलाही दिसावं म्हणून अक्षरं एवढी मोठी काढली, की ‘अफू खाऊ’ एका काचेवर मावलं आणि ‘नका’ दुसरीवर गेला. इथवर काही चुकलं नाही. पण अमरावतीहून येताना एसटीत एका बाईंच्या संत्र्यांच्या टोपलीला जागा करून दिली, आणि मी ‘नका’वर बसलो.

शाळेत खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. माकड पडलं तेव्हा पोरं इतकी हसली, की त्याला तीनदा पाडावं लागलं. मग भिंतीवर उमटलं, ‘अफू खाऊ’. नेमके त्याच वेळी हेडमास्तर भगवंत गुरुजी वाटायच्या फुटाण्यांची टोपली घेऊन दारात उभे. पोरांनी भिंत वाचली, टोपली पाहिली आणि एकच गिल्ला केला, “गुरुजी, आमाले अफू खाऊ द्या!”

मी म्हटलं, “गुरुजी, पुढे ‘नका’ आहे.”

“कुठी हाय?”

“बसलो त्याच्यावर.”

“मंग बस तसाच. मी सायबाले लिहून राहिलो.”

एवढ्यावर थांबतं तर बरं. चौथीतली मैना घरी जाऊन आजोबांना, जानरावांना, सगळ्यांदेखत म्हणाली, “आबाजी, तुमच्या डबीतला खाऊ मले द्या ना, शाळेत सांगतलं!” घरचे आजवर ती डबी पोटदुखीच्या औषधाची समजत होते. जानराव काठी घेऊन मला शोधताहेत असं कळलं, म्हणून दोन दिवस खोलीला कडी लावून बसलोय. पत्राला सवड मिळाली ती अशी.

आपला भाचा,
धर्मपाल

ता. क. गुरुजींचं पाकीट तुमच्याच टेबलावर येईल. ते फायलीत होळीपर्यंत तळाशी राहिलं तर बरं.

ता. क. दुसरा. जानराव आलेत! काठी दाराबाहेर ठेवली, हातात डबी. म्हणतात, “पोरीले म्हटलं, जहर हाय, खाऊ नोको. ते म्हने, मंग तुमी कावून खाता? ठेव हे तुह्यापाशी. आन गुरुजीनं लिवलं असंल तं मीबी लिवतो सायबाले, तुह्या माकडानं माही डबी सोडवली म्हून.” आता खाटेवर बसून माझीच दौत मागताहेत.

तेव्हा मामा, ते पाकीट दाबू नका. (‘नका’ नीट वाचा. या वेळी एकाच ओळीत बसवला आहे.)