कण्हेरीचं पाणी

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

या दुष्काळात अंगणात कण्हेर तेवढी फुललेली, म्हणून अत्तर काढायला तिचीच फुलं घेतली. कुकरला शिट्टीच्या जागी रबरी नळी लावली, वाफ गार करून वाटीत धरली. तेल कसलं निघतंय! नुसतं पाणी, पण काचेसारखं स्वच्छ. वाटी ओट्यावर झाकली आणि वाळलेले कपडे काढायला गेले. कण्हेर विषारी असते हे शेंबडं पोरही सांगेल. मला कसं सुचलं नाही?

परत आले तर सासूबाई जेवणाआधीच्या पूजेला बसलेल्या. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन त्याला त्याच पाण्यानं स्नान घातलेलं, आणि तीर्थाची वाटी ओठांशी! त्यांचं तरी काय चुकलं? लातूर जिल्हा झाला, पण टँकरचं पाणी गढूळ ते गढूळच. घरात काचेसारखं पाणी तेवढंच. मी वाटी हिसकावून अंगणात भिरकावली.

"घोट घेतला का?"

"न्हाई. का गं?"

"आई, विष होतं ते!"

ओल्या मातीवरची त्यांची नजर हलेना.

"आसंल. पर पाणी होतं की गं."