दहाला पाच कमी

१४ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. मुंगीने ते तीन वेळा स्वतः वाचलं आणि चौथ्यांदा माझ्याकडून वाचून घेतलं. तू 'ळ' काढतोस की किडा, असं तिने विचारलंय.

तुझी लेक मजेत आहे. दुसरीच्या वर्गात खिडकीजवळची जागा पटकावली आहे. शाळेची घंटा आपल्या स्वयंपाकघरात ऐकू येते, तेव्हा शाळा लांब पडते ही काळजी सोड. गुरुवारी जरा खोकत होती म्हणून घरी ठेवली. मग एक गंमत झाली. छापखान्यातून आलेली प्रुफं आई आणि मी कशी तपासायचो ते तुला आठवतं ना? आई हस्तलिखित मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि मी प्रुफावरून पेन्सिल फिरवायचे. आई गेल्यापासून दोन वर्षं मी एकटीच दोन्ही कागद शेजारी ठेवून मान इकडून तिकडे करते आहे. गुरुवारी मुंगीने आपण होऊन हस्तलिखित उचललं, आईच्या खुर्चीत चढून बसली आणि वाचायला लागली. सात वर्षांची पोर 'अवतरणचिन्ह सुरू' असं इतक्या गंभीरपणे म्हणाली की मला हसू आवरेना. खुर्ची तिला मोठी होते, पाय लोंबतात.

जेवणाची आबाळ करू नकोस. आमच्यावर माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.

तुझी धाकटी

२६ जुलै

चि. खोडरबर हिला,
अनेक आशीर्वाद.

डोंगराच्या पोटात आम्ही आता चारशे मीटर आत गेलोय. मोजणीदाराने दुर्बिणीला डोळा लावायचा आणि आकडा लिहायचा, बोगदा खणायचा दुसऱ्यांनी, त्यामुळे मी दमतो असं म्हणायची सोय नाही. पत्र्याच्या खोलीत पलंगाखाली मुंगीची एक चप्पल सापडली. एकच. दुसरी तिकडे आहे का बघ. नसली तरी ही मी टाकणार नाहीये.

तिला तुझ्याकडे सोडायला आलो तेव्हा बसमध्ये ती रडली नाही, मी रडलो, हे तिने तुला सांगितलं असेलच. तिची आई गेल्यावर ती डोळ्यांसमोर असावी असं फार वाटत होतं. पण इथे शाळा नाही. फक्त शाळेसाठी तिला लांब केली. तेव्हापासून एक सवय लागली आहे. दहाला पाच कमी झाले की मी काम थांबवून घड्याळ बघतो. आता ती फाटकातून आत गेली असेल. दिवसातला तेवढा एकच क्षण असा असतो की ती कुठे आहे हे मला नेमकं ठाऊक असतं. मुकादम विचारतो, साहेब, रोज याच वेळी कोणाची गाडी येते?

खोकला बरा झाला का? कोमट पाणी देत जा. आणि तिला प्रुफांना जुंपू नकोस. दुसऱ्यांच्या चुका पुसणारी घरात तू एक खोडरबर पुरे.

तुम्हा दोघींची आठवण काढणारा,
दादा

३ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. काम फार होतं.

मुंगीचा खोकला अधूनमधून डोकं वर काढतो, त्यामुळे काही दिवस बुडाले. शिवाय शाळेचा शिपाई दहा वाजून पाच मिनिटांनी फाटक लावतो आणि मग कोणाचं ऐकत नाही. आम्हाला दोन-तीनदा वेणीने दगा दिला. फाटकाशी पोचेपर्यंत कुलूप. मग परत घरी.

पण नुकसान काही नाही बरं का. वर्गात पन्नास मुलांमध्ये वाचायची पाळी येणार कधी? इथे ती रोज वीस पानं वाचते. पृथ्वीच्या पोटातले थर, मधमाश्यांचं घर, जे पुस्तक छपाईला असेल ते. तसं बघितलं तर दुसरीत शिकवतात तरी काय?

दुसरी चप्पल इथे नाही. तुझं ते दहाला पाच कमीचं वाचून मला... असो.

मुंगीचा पापा. मी आहे तशी आहे, तशीच गोड मानून घे.

तुझी धाकटी

२० ऑक्टोबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

सोबत मुंगीच्या वर्गाच्या बाईंचं पत्र जोडतो आहे. वडील म्हणून त्यांनी ते मला पाठवलं.

शाळा भरली ऐंशी दिवस. मुंगी हजर एकेचाळीस दिवस. त्यात उशिरा सतरा वेळा. बाई लिहितात की ती वाचते वर्गात सगळ्यांत छान, पण तिला वजाबाकी येत नाही, कारण हातचा शिकवला त्या आठवड्यात ती नव्हती. मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभी असते, कारण खेळातल्या जोड्या जमल्या तेव्हाही ती नव्हती. खिडकीजवळ आता दुसरी मुलगी बसते. एकदा कविता म्हणायला उभी केली तर स्वल्पविरामसुद्धा मोठ्याने म्हणाली. वर्ग हसला. ती हसली नाही. हजेरी अशीच राहिली तर तिला पुन्हा दुसरीतच बसवावं लागेल.

खोकला इतका चिवट असेल तर मी रजा टाकून येतो, मोठ्या डॉक्टरांना दाखवू. खोकला नसेल तर काय आहे ते सांग. एकोणचाळीस दिवस मी घड्याळ बघून तिला भलत्याच ठिकाणी शोधत होतो.

दादा

२७ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

येऊ नकोस. खोकला नाही. तो फक्त त्या पहिल्या गुरुवारी होता.

मी रोजनिशी लिहिते हे तुला माहीत आहे. तिच्यात खोटं लिहायची सवय नाही; तुझ्या पत्रात ती कशी लागली, हे मी चार दिवस स्वतःला विचारते आहे. वहीतलंच उतरवते. ६ ऑगस्ट: 'खोकला नाही. तरी ठेवली.' १९ ऑगस्ट: 'वेणी चांगली झाली होती. सोडून पुन्हा घातली. फाटक लागलं.' १० सप्टेंबर: 'पुन्हा वेणी.' फाटक लागलं की तिला घरी ठेवणारी मी नसायचे, शिपाई असायचा. एवढी युक्ती मला सुचत होती.

प्रुफांचं निमित्त होतं. मी एकटीनेही ती तपासते, दोन वर्षं तपासलीच. पण ती शाळेत गेली की दुपारपर्यंत घरात माझ्याखेरीज आवाज नसतो, आणि मी तर बोलत नाही. आई होती तेव्हा तिच्या औषधांच्या वेळांनी दिवस पुढे सरकायचा. मग तो सरकेनासा झाला. त्यात ही आली आणि आईच्या खुर्चीतून कोणीतरी पुन्हा वाचायला लागलं.

मुंगीला एका शब्दाने बोलू नकोस. ती रोज दप्तर भरून तयार असायची. एकदा वेणी माझ्या हातात असतानाच घंटा झाली. तिने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग दप्तर उतरवून ठेवलं, हस्तलिखित ओढलं आणि म्हणाली, आत्या, काल कुठवर आलो होतो? तिला सगळं कळलं होतं, दादा. तिने मला सांभाळून घेतलं. त्या दिवशी रोजनिशीचं पान मी कोरं सोडलं.

तू ठरवशील ते मला मान्य आहे. फक्त शाळा नाही अशा ठिकाणी तिला नेऊ नकोस.

अपराधी,
तुझी धाकटी

८ नोव्हेंबर

चि. खोडरबर हिला,
अनेक आशीर्वाद.

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं. त्यात होतं ते एका ओळीत सांगतो. एकटेपण माझ्याही खोलीत आहे, पण मी ते तिला उचलायला दिलं नाही. झालं. बोललो. आता हा विषय माझ्याकडून संपला.

दुसरं सांगायचं ते हे. आमच्या कामगार वसाहतीत पुढच्या वर्षी शाळा निघते आहे. खोल्या बांधून झाल्या, बाईही नेमल्या. वर्ष संपलं की मी मुंगीला न्यायला येईन. ही शिक्षा समजू नकोस. तुझं पत्र आलं नसतं तरी मी हेच केलं असतं. तोवर मात्र एकही दिवस चुकू नये. ताप आला तर ठेव, पण खरा.

तू रोज कोणाशी तरी बोलत जा. छापखान्यात स्वतः जाऊन प्रुफं आणत जा. सांगितलेलं ऐकायचीस तू, लहानपणी.

दादा

५ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेल्या बाईंच्या पत्रानंतर एकही दिवस चुकलेला नाही आणि उशीर एकदाही नाही. मुंगीने स्वतःच केस कापून घ्यायचे म्हटलं. मानेपर्यंत आखूड केले आहेत. वेणीचा प्रश्नच मिटला. कापताना ती आरशात माझ्याकडे बघत होती, केसांकडे नाही.

मी बाईंना भेटून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आता मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं त्या हातच्याची वजाबाकी घेतात. खिडकीची जागा परत मिळाली नाही, पण पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी शेजारी आली आहे. तिचं बोलणं फक्त मुंगीला कळतं, असा मुंगीचा दावा आहे.

प्रुफं मी आणायला जाते. छापखान्यातला खिळे जुळवणारा जुळारी म्हणाला, बाई, तुम्हाला आवाज आहे हे आज कळलं. घरी आल्यावर हस्तलिखित मीच मोठ्याने वाचते, स्वल्पविरामांसकट, खुर्चीकडे न बघता. अकरा वाजतात. मग बराच वेळ अकराच वाजलेले असतात.

उन्हाळ्यासाठी तिची पेटी काढून पुसून ठेवली आहे. एकट्या चपलेसाठी कोपऱ्यात जागा सोडली आहे.

कालपर्यंत ती माझा हात धरून फाटकापर्यंत यायची. आज कोपऱ्यावरच सोडला, कारण दातपडकी वाट बघत होती. दोघी पळत आत गेल्या. तिने मागे वळून बघितलं नाही. मी घड्याळ बघितलं. दहाला पाच कमी होते.

तेव्हा आता निर्धास्तपणे घड्याळ बघत जा, ती तिथेच असते. आणि रोज एक क्षण जास्त थांबत जा, दादा. फाटकाच्या अलीकडे मी असते.

तुझी,
खोडरबर