मोटरीची टोपी

नागपूर,
जानेवारी १९७६

प्रिय जयवंता,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंचं कार्ड काल पोचलं. बारसं नीट पार पडलं, तू घरात हिंडतेफिरतेस, बाळ अंगावर चांगलं पितं, हे वाचून कार्ड देवापुढे ठेवलं. तुझ्या मागच्या पत्रातला राग मात्र माझ्याजवळ तसाच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलेलं असताना बाबा न्यायला का आले नाहीत, असं तू विचारलंस. गाडी चढ घेत नाही, असं मी लिहिलं होतं. तुला ते पटलं नाही. बेटा, आधी ते खरंच होतं. आज सगळंच सांगतो.

दिवाळीच्या सुमाराला कापसाचा हंगाम सुरू झाला आणि माझ्या सावनेरच्या भाड्याच्या फेऱ्या वाढल्या. त्या रस्त्यावर धूळ आणि सरकी काढायच्या जिनांमधून उडणारा कापसाचा भुरा. इंजिनावरचा तो गोल डबा तुला आठवतो ना, हवा गाळून आत सोडणारा? लहानपणी तू त्याला मोटरीचं नाक म्हणायचीस. तो मी रोज झटकताना तुझी आई दारातून बघायची. याच गाडीने लेकीला आणायचं, आणि वाटेत छिंदवाड्याचा घाट, ही तिची काळजी. तेव्हा ती तुझ्या बाळासाठी जुन्या मऊ लुगड्याचं दुपटं शिवत होती. उरलेल्या कापडाची तिने त्या डब्याला टोपी शिवली. दुहेरी घडी, आत जुनं धोतर, वरून बारीक धावदोरा आणि बांधायला नाडी. कापडच ते, हवा जाईलच, असं मलाही वाटलं. सकाळी गाडीला उदबत्ती लावतो, तसं त्या दिवशी टोपीलाही कुंकू लावलं आणि निघालो.

गाडीचा जीवच गेला. साध्या चढाला धापा टाकू लागली. पाय दाबावा तसा मागून काळा धूर, पेट्रोलचा वास, आणि वेग काही नाही. प्लग साफ केले, पेट्रोल वाढवून पाहिलं, तर धूर आणखी दाट झाला. शेवटी मार्तंड मिस्त्रीकडे नेली. तुला भोंगा वाजवू देणारा आपला मार्तंडकाका. त्याने बॉनेट उघडलं आणि पोट धरून हसला. म्हणाला, "रुपरावभाऊ, वहिनीनं मोटरीले स्वेटर घातला काय गा?" मग नाडी सोडता सोडता त्याने समजावलं, "पेट्रोल कितीही पाजा. जेवढी हवा आत जाईन तेवढंच जळन. बाकीचा धूर." टोपी निघाली आणि गाडीने असा काही आवाज धरला, की मला त्याच पावली छिंदवाड्याला निघावंसं वाटलं.

घरी येऊन सांगितलं तर तुझी आई इतकी हसली, की तिला खोकला आवरेना. मला म्हणाली, "तुमी डायवर असून तुमाले नाही समजलं, मंग मले काहून हासता?" मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. हसण्याचा खोकला संपला, पण दम काही खाली बसला नाही. तिचा दमा तू पाहिलेला आहेस. यावेळी मात्र तिला आडवं होता येईना. भिंतीला टेकून ती दुपटं शिवत राहायची. मी तूप-भात, डिंकाचे लाडू, दूध, जे जे सुचेल ते भरवत होतो. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, खाण्यात काही कमी नाही हो, छातीत हवेला जागा उरलेली नाही. मला मार्तंडच पुन्हा बोलतोय असं वाटलं. पण मार्तंडला सोडायला निदान नाडी होती.

आईला लिहिता येत नाही म्हणून माझ्या प्रत्येक पत्राखाली ती कुंकवाचं बोट उमटवायची. गेल्या पत्रांत ते नव्हतं, हे तुझ्या लक्षात आलं. तू विचारलंस आणि मी उत्तर टाळलं. गाडी चढ घेत नाही, हेच पुन्हा लिहिलं. गाडी तर अंगणात धडधाकट उभी होती. ते बोट माझ्या हाताने उमटवून पाहावं म्हणून एकदा करंडाही उघडला होता. तसाच मिटला.

जयवंता, तुझी आई कार्तिकातच गेली. सकाळी, काकडआरतीच्या वेळेला. तुला आणायला निघायचं म्हणून गाडी मी आदल्याच दिवशी धुतली होती. तुझ्या सासूबाईंनी, पार्वतीबाईंनी, मला निक्षून सांगितलं, पोर पोटुशी आहे, तिला कळू द्यायचं नाही. ते मी पाळलं. त्यांनी तुझं माहेरचंही सगळं केलं, त्यांच्यावर रागावू नकोस. येत्या रविवारी मी येतोय. दुपटं आणतोय. त्याचा एक कोपरा तिच्याकडून राहिला होता, तिथे ती टोपी उसवून, धुऊन मी जोडली आहे. टाके वाकडे आहेत, त्यावरून ओळखशील. गाडीचा आवाज ऐकलास की तू दारात येशील, हे मला ठाऊक आहे. आणि माझ्या आधी तू मागच्या सीटकडे बघशील. ते मला पाहवणार नाही, बेटा, म्हणून हे पत्र पुढे धाडतोय.

तुझाच,
बाबा