बुलडॉग ठकीची व्यवस्था

मी, श्रीमती पुतळा अंकुश घरत, वय सहासष्ट, राहणार जासई, तालुका उरण, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. हाताला कंप सुटतो म्हणून अक्षर शेजारच्या नामदेव मास्तरांचं आहे, शब्द माझे आहेत. मास्तरांनी दोन ठिकाणी माझी भाषा सुधारायला घेतली होती, मी ती सुधारू दिली नाही. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

१. घर. सरकारी प्रकल्पात जमीन गेली, तिच्या बदल्यात मिळालेल्या भूखंडावर माझ्या यजमानांनी हे दोन मजली घर बांधलं. तळमजला मुलगा कुंदन याचा, वरचा मजला मुलगी नमिता हिचा. नमिताचा खारघरला फ्लॅट आहे, ती इथे राहायला येणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी मजला तिचाच. माहेरी आल्यावर तिला पाहुणीसारखं बाहेरच्या खोलीत झोपवू नये.

२. दागिने आणि बँकेतली ठेव दोघांना सारखी. नथ मात्र नमिताची. कुंदनच्या लग्नाची वाट पाहून मी थकले.

३. पिल्लांचा वजनकाटा, दुधाच्या बाटल्या, बाळंतपणाची लाकडी पेटी. हे सामान कोणालाही देत नाही. पेटी फोडून बंबात घालावी, बाकीचं डॉ. सुचित्रा यांच्या प्राण्यांच्या दवाखान्यात पोचवावं.

हे सामान घरात आलं कसं, तेही नोंदवते. यजमानांकडे एका कंटेनर यार्डाच्या राखणीचं काम होतं. त्यासाठी ते महाप्याच्या एका कुत्रेवाल्याकडून बुलडॉग घेऊन आले. मला म्हणाले, "याचा थोबार बघ. चोर गेटावरशीच पलंल." पहिल्याच आठवड्यात यार्डातलं डिझेल गेलं. कुत्रा गेटातच गाढ झोपलेला होता आणि त्याच्या पंजाखाली बिस्किटांचा रिकामा पुडा होता. गाव वर्षभर आम्हाला हसलं. तो कुत्रेवाला माझ्या तेराव्याला आला तर त्याला शेवटच्या पंगतीला बसवावं.

पण त्या कुत्र्यावर आमचा जीव जडला. त्याला जोडीदारीण आणली, पिल्लं झाली, ती टॉवरमधल्या लोकांनी नेली, आणि तोच आमचा धंदा झाला.

४. या जातीविषयी डॉ. सुचित्रांनी सांगितलेलं माझ्या वारसांनी नीट वाचावं. इंग्लंडात पूर्वी भर बाजारात बैल खुंटाला बांधत आणि त्याच्यावर कुत्रे सोडत. कुत्र्याने बैलाचं नाक धरायचं आणि मरेस्तोवर सोडायचं नाही, लोकांनी पैजा लावायच्या. त्यासाठी ही बुटकी, रुंद छातीची, भक्कम जबड्याची जात राखली. एकशे नव्वद वर्षांपूर्वी कायद्याने तो खेळ बंद केला. मग लोकांनी पिढ्यान्पिढ्या निवड करून तिचा राग काढून टाकला, पण तोंड मात्र प्रदर्शनात उठून दिसावं म्हणून आणखी चपटं, डोकं आणखी मोठं करत नेलं. आता या कुत्र्याला ऊन सोसत नाही, धड श्वास घेता येत नाही. पिल्लांची डोकी एवढी मोठी की बहुतेक माद्यांचं पोट फाडूनच बाळंतपण करावं लागतं. हट्ट तेवढा जुनाच राहिला आहे, माया मात्र अफाट. ज्याने दुखवलं त्याच्याच पायावर हनुवटी टेकून हा प्राणी झोपतो.

५. आता जे लिहायला मी हे सगळं मांडलं ते.

आमची बुलडॉग मादी सोनी पाच वर्षांपूर्वी मेली. तिची दोन बाळंतपणं ऑपरेशनने झाली होती. तिसरं करू नका, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट बजावलं होतं. हे मी घरात कोणाला सांगितलं नाही. नमिताच्या सासरी मी पिल्लू कबूल करून बसले होते, शब्द मोडणं मला कमीपणाचं वाटलं. मे महिन्यात, भर दुपारी सोनीला कळा आल्या. तिला दवाखान्यात न्यायला येणारी कुंदनची गाडी ट्रेलरांच्या रांगेत अडकली, तो अर्धा तास उशिरा पोचला. सोनी ऑपरेशनच्या टेबलावरच मेली. एकच पिल्लू वाचलं, ती ठकी.

मी गावभर सांगितलं की पोरगा वेळेवर आला नाही म्हणून सोनी मेली. डॉक्टर मला त्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "पुतळाताई, तासभर आधी आणली असती तरी ती जगली नसती. तिला गाभण राहू द्यायचंच नव्हतं." ते मी गिळून टाकलं. कुंदनने उलटून एक शब्द काढला नाही. दर दोन तासांनी बाटलीने दूध पाजून त्याने ठकीला जगवलं.

सोनी माझ्यामुळे मेली. कुंदनमुळे नाही. मला लाज वाटते.

६. ठकी कुंदनला देते, माझ्या खोलीतल्या एसीसकट. अट एकच. तिला कधीही गाभण राहू देऊ नये, डॉक्टरांकडे नेऊन तिची पिशवी काढून घ्यावी. कुंदन गेले वर्षभर एका वेतासाठी हटून बसला आहे. त्यावरून आम्ही एकमेकांशी बोलत नाही. मी त्याला पैशाचा लोभी म्हणाले. परवा तो मास्तरांना म्हणाला, "माझ्यापायी सोनी गेली, मास्तर. तिचा वंश तरी राहू द्या." मास्तरांनी ते मला सांगितलं तेव्हा मला कळलं की माझ्या खोट्यापायीच तो वेताला हटला आहे, बाळंतपणासाठी ठकीच्या पोटावर सुरी ठेवायला मीच त्याला धाडते आहे.

७. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. ठकीला तेवढी सवड नाही. म्हणून सही करण्याआधी, आज सकाळी, मास्तरांनी पाचवं कलम कुंदनला मोठ्याने वाचून दाखवलं. मी समोर बसले होते. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "म्हंजे आये, मी लवकर आलो असतो तरी ती गेलीच असती?"

मी म्हटलं, "हा. गेलीच असती."

मी मेल्यावर हे पाचवं कलम गावात पुन्हा मोठ्याने वाचावं. खोटं मी गावभर सांगितलं होतं. कुंदन म्हणाला, गावात नको वाचायला. त्याचं ऐकू नये.

ठिकाण: जासई
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार: श्रीमती पुतळा अंकुश घरत (सही व डाव्या हाताचा अंगठा)

आमच्यासमक्ष वाचून, समजून सही केली:
१. नामदेव पाटील, निवृत्त शिक्षक, जासई
२. डॉ. सुचित्रा देवधर, पशुवैद्य, उलवे